चप्पल बसली, मावशी उभी

अन्याय झाला तो रंजना साळवे हिच्यावर. वय एकोणपन्नास, काम बायकांच्या चपला आणि पर्स विकण्याचं, राहणार नगर. कधी झाला, तेही सांगते. गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या दिवशी, दुपारी पावणेचारला. त्या वेळी तिला दोन पाय होते. आज एक आहे.

दुकानाचं नाव मी लिहीत नाही. प्रकरण सुनावणीला आहे आणि आमच्या वकीलबाईंनी बजावून सांगितलंय. पण बाजारपेठेतलं दोन मजली, काचेच्या दाराचं, खाली चपला-सँडल आणि वर पर्स-बॅगा असलेलं दुकान म्हटलं की नगरच्या बायकांना कळेल. नेवाशाहून, श्रीगोंद्याहून लग्नाच्या खरेदीला एसटीने येणाऱ्या बायकांनाही कळेल. त्यातल्या कितीतरी दारातूनच विचारायच्या, "त्या रंजनाबाई हायेत का आज?" नसली तर चहा पिऊन परत यायच्या.

मी तिला मावशी म्हणायचे. ओळख चार वर्षांची. एका मोर्चात माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि एक पाय घासत मी त्या दुकानात शिरले. म्हटलं, सगळ्यात स्वस्त दाखवा. तिनं रॅककडे बघितलंही नाही. माझी तुटकी चप्पल हातात घेतली, उलटी केली आणि तळवा असा बघितला जसा डॉक्टर जीभ बघतो.

"बाहेरच्या अंगानं झिजलीय. टाचेला आधारच न्हाई. दिवसाला किती चालतीस?"

"पाच-सहा किलोमीटर."

"काम काय करतीस?"

"पत्रकं वाटते. कामगारांच्या हक्काची."

"मग आधी सोताच्या टाचेचा हक्क बघ," ती म्हणाली आणि आत गेली.

तिनं आणलेली सँडल स्वस्तही नव्हती आणि महागही नव्हती. ती दोन्ही हातांनी धरून तिनं वाकवली. "ही बघ, बोटापाशी दुमडती. मधूनच दुमडली तर घ्यायची न्हाई, कितीबी चकाचक असू दे. आता उभी ऱ्हा. बसून चप्पल बघायची न्हाई. उभं ऱ्हायलं की पाय पसरतो, मग खरं काय ते कळतं. अंगठ्याच्या म्होरं येवढी जागा पायजे." तिनं आपली करंगळी आडवी धरली. "आनि एक. चप्पल घ्यायला सकाळची येत जाऊ नको. दिवसभरात पाय फुगतो. दिवस कलताना ये."

ती सँडल मी अडीच वर्षं वापरली. त्यानंतर तिच्याशिवाय कुणाकडून काही घेतलं नाही.

'नंतर सैल होईल' हे वाक्य तिनं कधीच म्हटलं नाही. बाकीचा सगळा बाजार म्हणतो. तिचं म्हणणं, जी चप्पल दुकानात सैल नाही ती घरी कशाला होईल, घरी काय तिला माहेर आहे? गिऱ्हाइकाच्या दोन्ही पायांत घालून बघायची, कारण दोन पाय सारखे नसतात. मोठ्या पायाचं माप खरं. चप्पल घालताना बाईच्या तोंडाकडे बघायची, पायाकडे नाही. "पाय दुखला तर तोंडावर येतं. मंग बाई हसती. हसली की समजायचं, घट्ट झालीय."

पर्सच्या मजल्यावर तिची तऱ्हा आणखी वेगळी. गिऱ्हाईक म्हणालं, ती लाल दाखवा, की ही म्हणायची, "आधी तुमची जुनी ओता." बायका आधी लाजायच्या, मग काउंटरवर पर्स उलटी करायच्या. गोळ्यांची पाकिटं, डब्याचं झाकण, पोराचा एक मोजा, फोनची वायर, अर्धा संत्रा. ती बोटानं तो ढीग वेगळा करायची आणि म्हणायची, "ह्याला तीन कप्पे पायजेत. लाल राहू द्या, ती बारशाला." माझ्या खांद्यावरच्या झोळीवर तिचा फार राग होता. "पत्रकाचा गठ्ठा एकाच खांद्यावर टाकून हिंडतीस. आरशात बघ, एक खांदा खाली गेलाय तुझा. भाषान देताना तिरपी दिसत आसशील." तिनं मला पाठीवर अडकवायची बॅग घ्यायला लावली. तीसुद्धा, चेन वरून नको, मागच्या बाजूनं हवी. एसटीत कुणी हात घालू नये.

एकदा मी तिथं असताना नेवाशाकडचं एक कुटुंब आलं. होणारी सून, तिची होणारी सासू आणि गाडीतून पिशव्या आणून ठेवणारा दीर. सासूला सुनेसाठी उंच टाचेची सोनेरी सँडल हवी होती आणि तिला साजेशी, मुठीत धरायची चमचमती पर्स. मुलगी टाचांवर उभी राहिली आणि हसली.

मावशी म्हणाली, "काढा."

"का बरं?" सासू म्हणाली. "लई शोभून दिसतीय. पोरगा उंच हाय आमचा, फोटोत बरुबर ईल."

"फोटो येक दिवस. पोरगी काय करती?"

"नर्स हाय. आरोग्य केंद्रात."

"मंजी दिवसभर उभी." मावशी मुलीकडे वळली. "पर्समध्ये काय नेतीस गं कामावर?"

मुलगी हळूच म्हणाली, "डबा. पाण्याची बाटली. एक जादा ओढणी."

मावशीनं ती चमचमती पर्स उघडून सासूपुढं धरली. "घाला ह्यात डबा."

दीर हसला. सासू हसली नाही. "बाई, तुमी दुकानच्या हायेत का आमच्या इहिनीच्या?"

"पायाच्या हाय," मावशी म्हणाली. "असं करू आक्का. लग्नाला ही बारक्या टाचेची घ्या, सोनेरीच हाय. पर्स तुमच्या हौशेची येक घ्या, हळदी-कुंकवाला हुईल. आनि वाचलेल्यात तिला कामावरची चप्पल आनि आडव्या पट्ट्याची बॅग घेऊन द्या. सासूनं दिलेली वस्तू रोज वापरात आसली म्हंजी रोज तुमचं नाव निघंल."

सासूनं घेतली. जाताना मावशीच्या पाठीवर थाप मारून गेली. मुलगी दारातून मागे वळून बघत होती.

आणि काउंटरवरून शेठ म्हणाले, "रंजना, उंच टाचेची विकायची होती ना तुला?"

शेठ तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. तिला नावानं हाक मारायचे, एकेरीत बोलायचे. ती त्यांना 'तुमी' म्हणायची. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

आता त्या दुकानातला नियम. कामावरच्या बाईनं बसायचं नाही. सकाळी साडेनऊला शटर वर गेलं की रात्री बंद होईपर्यंत उभं राहायचं. गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल घालायला गुडघा टेकायचा, तेवढाच. लाल रेक्झिनची बुटकी गोल स्टुलं होती, पण ती गिऱ्हाइकांची. जेवण मागच्या खोक्यांच्या खोलीत, उभ्यानं. शेठचं म्हणणं होतं की बाई बसली की धंदा बसतो. थट्टा नव्हती ही, त्यांचा खरोखर विश्वास होता. म्हणून तर सकाळची भवानी होईपर्यंत दुकानात 'बसणे' हा शब्दसुद्धा उच्चारायला बंदी होती. आता चपलेच्या दुकानात हा शब्द टाळून दाखवा. आपल्या भाषेत चप्पल पायात बसते, दुसरं काय करते? बिचाऱ्या मुली गिऱ्हाइकाला विचारायच्या, "नीट येते का? झाली का बरोबर?" आणि गिऱ्हाईक बाई साडेनऊ वाजता मोठ्यानं म्हणायची, "छान बसली हो!" की शेठ तोंड कडू करून देवाकडे बघायचे.

एक दिवस अशीच एक बाई, पायात चप्पल घालून दोन पावलं टाकत, विचारती झाली, "मला बसते का हो ही?"

मावशी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "चप्पल बसती ताई. आमीच तेवढं बसत न्हाई."

दुकान हसलं. शेठनं त्या दिवशी तिला पर्सच्या मजल्यावर जिन्यानं अठरा वेळा चढ-उतार करायला लावलं. आकडा तिचा आहे. ती मोजत होती.

ह्या गोष्टीवरच आम्ही दोन वर्षांपूर्वी पत्रक काढलं. छापण्याआधी मी ते तिला दाखवलं. आमचा चहाचा गाडा ठरलेला होता, दुकान उघडायच्या आधी अर्धा तास. तिनं कप खाली ठेवला, चष्मा लावला आणि वाचलं.

"श्रमिक भगिनी म्हंजी कोन?"

"तुम्हीच की."

"मला कळलं न्हाई ते मी हाय म्हनून." ती पुढं वाचत गेली. "'बिचाऱ्या महिला दिवसभर उभ्या राहून पिचून जातात.' हे काढ. मी बिचारी न्हाई. माझ्या हातनं सून-सासू दोघी खूश हुत्यात. बिचारी लिव्हलंस तर तुझ्याशी बोलनार न्हाई."

"मग काय लिहू?"

"सरळ लिही की. बसायला द्या. दोनच शब्द. मोठ्या अक्षरात. खाली सोडून दे मोकळं."

आम्ही जवळजवळ तसंच छापलं. मथळा 'बसायला द्या', खाली चार ओळी. आमच्या सगळ्या पत्रकांत तेवढंच एक लोकांनी पूर्ण वाचलं. पण कामगार कार्यालयात द्यायच्या तक्रारीवर सही मागितली तेव्हा तिनं हात मागे घेतला. धाकटी मुलगी पूनम कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. "येक वर्ष थांब," ती म्हणाली, "पोरगी लागू दे कुटं तरी. मग सही काय, भाषान करते." मी रागावले. मी तिला भित्री म्हणाले नाही, पण तोंडावर ते आलं असणार, आणि तोंड वाचणं हे तर तिचं काम होतं.

आता गेल्या दिवाळीकडे येते.

दिवाळीच्या आधी शेठनं नवीन माल भरला. टोकदार, कडक, वर चकचकीत बकल असलेले बंद बूट. आणि एक नवी टूम काढली. कामावरच्या प्रत्येक बाईनं दुकानात तोच माल पायात घालायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला चालता-बोलता नमुना दिसेल. मावशीचं माप दुकानात नव्हतं. तिला एक नंबर लहान दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाच्या गाड्यावर आली तीच लंगडत. मी विचारलं, काय झालं.

"चप्पल चावली. दुसरं काय. नवा बूट हाय, खोबरेल लावलंय आनि कापूस ठेवलाय."

मावशीला साखर होती. गोळी चालू होती, ते मला माहीत होतं. पण साखरेनं पायातली जाणीव हळूहळू जाते, हे मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. डॉक्टरांनी पाय रोज बघत जा म्हणून सांगितलं होतं. तिला वाटलं होतं, बघतेच की, रोज पन्नास पाय बघते.

चार दिवसांनी ती सरळ चालत आली. चेहरा जरा उतरलेला, पण पाय घासत नव्हती. मी म्हटलं, बरा दिसतोय पाय.

"व्हय. आता दुखतच न्हाई. बसली वाटतं पायात."

चपलांतलं सगळं ज्ञान असलेली बाई असं म्हणाली. सव्वीस वर्षं तिनं हेच बघितलं होतं. चप्पल चावते, तेल लावायचं, दोन-चार दिवसांत दुखणं थांबतं, म्हणजे चप्पल बसली. दुखणं थांबण्याला दुसराही अर्थ असू शकतो हे तिच्या धंद्यानं तिला शिकवलं नव्हतं. आत अंगठ्याखालचा एक खिळा वर आला होता आणि तो तिच्या तळव्यात रोज जात होता. तिला तो लागत नव्हता, इतकंच. तिनं चहा संपवला. मी मान डोलावली. आम्ही दोघी उठलो.

वसुबारसेला मी तिथं नव्हते. जे सांगते ते तिनं मला सांगितलेलं आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीनं. त्या मुलीचं नाव लिहीत नाही.

दुकान गच्च होतं. दुपारी पावणेचारला एक गिऱ्हाईक बाई मावशीला म्हणाली, "अहो, तुमच्या पायाला काय लागलंय का? फरशीवर डाग पडतोय." मावशीनं खाली बघितलं. पांढऱ्या फरशीवर, ती जिथं जिथं गेली होती तिथं तिथं, रुपयाएवढा लाल ठिपका होता. ती लाल स्टुलावर बसली आणि तिनं बूट काढला.

काउंटरवरून आवाज आला, "रंजना, ते गिऱ्हाइकाचं स्टूल आहे."

"शेठ, पाय बघते."

"पाय घरी बघ. सणासुदीचं बसू नको. ऊठ."

"जरा चक्कर येतीया शेठ."

"मग दारात हवेला उभी राहा. तिथं लोकांना नमस्कार कर."

ती उठली. बूट परत घातला. कोपऱ्यातलं फडकं घेतलं, गुडघे टेकले आणि आपले ठिपके आपणच पुसून काढले, दारापर्यंत. मग दारात उभी राहिली. त्या दिवशी बंद होईपर्यंत, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत. लोक आत आले, चपला घेतल्या, पर्स घेतल्या, बाहेर पडले.

भाऊबीजेला तिला ताप भरला. पूनमनं कापूस काढला तेव्हा अंगठा काळा होता.

दवाखान्यात मी गेले. तरुण डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून आहे, आधी का आला नाहीत. मावशी म्हणाली, "चप्पल चावली हुती साहेब. आपोआप जाती."  मग डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? तिनं सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आधी अंगठा गेला. मग तीन बोटं. मग गुडघ्याखाली.

शुद्धीवर आल्यावर तिनं पूनमला विचारलं, दुकानात निरोप दिला का. आठवडाभरानं दुकानाकडून मिठाईचा पुडा आला आणि तोंडी निरोप आला की जागा भरली आहे.

सही तिनं दवाखान्यातच केली. या वेळी मी मागितली नव्हती. ती म्हणाली, "आन तो कागद. आता काय भ्यायचं." त्या सहीचा मला आनंद झाला नाही, हे इथं लिहिते, कारण आमच्या चळवळीत अशा सह्यांचे फोटो काढायची पद्धत आहे.

दुकानाचा लेखी जबाब माझ्यासमोर आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. सदर महिलेने बसण्यासाठी कधीही जागा मागितली नाही. दुकानात बसण्यासाठी स्टुलांची सोय आहे. आणि जखम घरी झाली असून तिचा दुकानाशी संबंध नाही. कॅमेऱ्यातलं चित्रण मागितलं तर ते आपोआप पुसलं गेलं म्हणतात. बरोबरच्या मुली साक्षीला यायला तयार नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन आले. एकीच्या आईनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "ताई, आमच्या पोरीची जागाबी घालवू नका." मी त्या मुलींना दोष देत नाही. त्या अजून तिथं उभ्या आहेत.

मी मावशीला शेवटचं नीट पाहिलं ते पहिल्या सुनावणीला. कामगार कार्यालय वरच्या मजल्यावर. मी आणि पूनम, दोघींनी तिला जिना चढवला. ती मध्येच थांबून पूनमला म्हणत होती, "हळू गं, मी काय पळून जानार हाय?" वर व्हरांड्यात बाकडं होतं, त्यावर तिला टेकवलं, कुबड्या भिंतीला लावल्या. तिनं पदरानं तोंड पुसलं. समोर एक बाई बसली होती, तिच्या पायाकडं बघून मावशी मला हळूच म्हणाली, "येक नंबर लहान घातलीय तिनं." आणि मग जिन्यावर पावलं वाजली. शेठ येत होते, वकिलाबरोबर, फोनवर बोलत.

मावशी उठायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. एक हात भिंतीवर, एक पूनमच्या खांद्यावर, आणि उरलेल्या एका पायावर ती पूर्ण उभी राहिली. पदर सरळ केला. पूनम म्हणत होती, "आई, अगं आई, काय करतीस." शेठ फोनवर बोलत तिच्यासमोरून आत गेले. त्यांनी बघितलं नाही. दार लागेपर्यंत ती उभीच होती.

पुढची सुनावणी महिन्यावर आहे. त्या दिवशी ती बसली तेव्हा तिला उठवलं होतं, तिनं चक्कर येते म्हणून सांगितलं होतं आणि तिचं रक्त दुकानाच्या फरशीवर होतं, एवढं सिद्ध करणारा एकही माणूस आज आमच्याकडे नाही. सिद्ध झालं नाही तर तिला काहीही मिळणार नाही. कृत्रिम पायसुद्धा नाही.

आणि दुकान गच्च होतं. म्हणजे तुम्ही तिथं होतात. तुम्ही, तुमची बहीण, तुमची जाऊ, तुमची शेजारीण. तुम्हाला डाग दिसला होता, तुम्ही त्यावरून पाय उचलून गेलात. तिला दारात हात जोडून उभी असलेली तुम्ही पाहिलीत आणि तुम्हाला वाटलं, किती अगत्य आहे या दुकानात. मुली नोकरीला बांधलेल्या आहेत. तुम्हाला कुणी बांधलेलं नाही.

मला तुमची हळहळ नको आहे. हे वाचून डोळ्यांत पाणी आलं, असे निरोप पाठवू नका. त्या दिवाळीत घेतलेली पर्स कपाटातून काढा, आतला कप्पा उघडा. बिल तिथंच असेल. आपण बायका बिलं टाकत नाही. त्यावर दिवस आणि वेळ छापलेली आहे. मागच्या कोऱ्या बाजूला, काय पाहिलं ते दोन ओळींत लिहा, खाली सही करा, आणि ते घेऊन सुनावणीला या.